फाशोदाचं भांडण आणि बसऱ्याचं पदक

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयावरची निघाली. मोठ्या सत्ता आपापसांत भांडतात कशासाठी, मग त्यांची मैत्री होते कशी, आणि त्यात आपली माणसं कुठे सापडतात, हे सगळ्यांनाच विचारायचं आहे. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवून या पाचांनाच उत्तरं देते.

प्रश्न : मी अकरावीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या कारणांत ‘साम्राज्यवादी स्पर्धा’ असं लिहिलेलं असतं. पण वसाहतींसाठी सगळ्यांत जास्त भांडले ते इंग्रज, फ्रेंच आणि रशियन. युद्धात मात्र हे तिघं एकाच बाजूला! मग हे कारण कसं काय? (विद्यार्थिनी, सांगली)

एकतीस वर्षं मी दहावीच्या वर्गात ही कारणं फळ्यावर लिहून दिली, पण हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नव्हता. तुझी शंका अगदी नेमक्या जागी आहे, म्हणून सविस्तर सांगते. नकाशा समोर घेऊन बस.

पांढऱ्या नाईलच्या काठी, आजच्या दक्षिण सुदानात, कोडोक नावाचं गाव आहे. १८९८ मध्ये त्याला फाशोदा म्हणत. शिलुक लोकांच्या राजाची ती जागा. त्या वर्षी १० जुलैला कॅप्टन मार्शां नावाचा फ्रेंच अधिकारी तिथे पोचला. अटलांटिकच्या किनाऱ्यावरून निघून त्याला दोन वर्षं लागली होती. बरोबर मूठभर फ्रेंच अधिकारी आणि शे-सव्वाशे सेनेगाली शिपाई. एक छोटी आगबोट सुटी करून तिचे भाग त्यांनी हमालांच्या डोक्या-खांद्यांवरून जंगलातून वाहून आणले होते. इथे येऊन त्यांनी पडका किल्ला डागडुजी करून राहण्याजोगा केला, भाजीपाला लावला आणि फ्रान्सचा झेंडा उभारला.

सप्टेंबरात नाईलवरून पाच गनबोटी घेऊन जनरल किचनेर आला. दोन-अडीच आठवड्यांपूर्वीच त्यानं ओमदुरमानला सुदानातल्या महदी या धर्मनेत्याच्या अनुयायांची फौज मॅक्सिम तोफांनी कापून काढली होती. मार्शांच्या शे-सव्वाशे शिपायांचा निकाल लावायला त्याला एक तासही लागला नसता. पण त्यानं अंगावर इजिप्तच्या सैन्याचा गणवेश घातला, आणि इंग्लंडचा नव्हे तर इजिप्तचा झेंडा उभारला. फ्रेंच झेंड्याला हात लावला नाही. दोघं नीट बोलले, एकत्र बसून व्हिस्की घेतली आणि निर्णय लंडन-पॅरिसवर सोपवला. जाताना किचनेरनं त्यांना फ्रेंच वर्तमानपत्रं ठेवून दिली. कित्येक महिने बाहेरची खबर नसलेल्या त्या अधिकाऱ्यांनी ती उघडली, तर आत ड्रायफस प्रकरण. एका निरपराध ज्यू अधिकाऱ्याला खोट्या कागदावर हेर ठरवल्यावरून सारा फ्रान्स दुभंगलेला. ते वाचून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, असं मार्शांनंच नंतर सांगितलं आहे.

एवढ्याशा गावासाठी दोन देश युद्धाच्या काठावर का यावेत? १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि मुंबई-लंडनची वाट आफ्रिकेचा वळसा चुकवून जवळची झाली. ही वाट हातची जाऊ नये म्हणून इंग्रजांनी १८८२ मध्ये इजिप्त ताब्यात घेतला. इजिप्त जगतो नाईलवर. वरच्या अंगाला दुसरा कुणी बसला तर इजिप्तचं पाणी त्याच्या हाती जाईल, ही त्यांची धास्ती होती. म्हणजे फाशोदाच्या भांडणाचं मूळ शोधत गेलीस तर ते हिंदुस्थानच्या वाटेवर येऊन थांबतं.

फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री होता देलकासे. त्यानं हिशेब मांडला. आरमारात आपण इंग्लंडच्या पासंगाला पुरत नाही. रशियाशी १८९४ मध्ये युती झाली आहे, पण नाईलसाठी रशिया तलवार काढणार नाही. घरात ड्रायफसचा आगडोंब. आणि पाठीशी जर्मनी, ज्यानं १८७१ मध्ये आल्सास-लोरेन हा फ्रान्सचा सीमेवरचा मुलूख घेतला, तो परत मिळायचाच आहे. तेव्हा दोन शत्रू एकदम परवडणार नाहीत. ११ डिसेंबर १८९८ ला मार्शांनं झेंडा उतरवला आणि तो अॅबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) वाटेनं निघून गेला.

आता पुढचं बघ. ज्या देलकासेनं हा अपमान गिळला, त्याच देलकासेच्या कारकिर्दीत ८ एप्रिल १९०४ ला लंडनमध्ये इंग्लंड-फ्रान्स करार झाला. त्यालाच ‘आँतांत कॉर्दियाल’, म्हणजे सलोख्याची समजूत, म्हणतात. फाशोदाचं नाव बदलून कोडोक केलं तेही १९०४ मध्येच. जुनी जखम फ्रेंचांना रोज दिसू नये म्हणून.

हा करार मी पहिल्यांदा सबंध वाचला तेव्हा मला आमच्या घरच्या शेताचं वाटणीपत्र आठवलं. इजिप्तमध्ये तुम्ही काय वाटेल ते करा, मोरोक्कोत आम्ही करू. सयाममध्ये (आजच्या थायलंडमध्ये) नदीच्या या अंगाला तुमचा शब्द चालेल, त्या अंगाला आमचा. कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर फ्रेंच कोळ्यांना १७१३ च्या तहानं मासळी वाळवायचा हक्क होता. त्यावरून दोन्ही सरकारांत वर्षानुवर्षं तंटा चालू होता. त्यातही शेवंडीवर वाद: शेवंडीला (लॉब्स्टरला) मासा मानायचं की नाही, आणि फ्रेंचांचा हक्क तिला लागू होतो का! आपल्या कोकणातल्या कुठल्याही बंदरावर लोकांना हे भांडण लगेच समजेल. हा वाळवणीचा हक्क फ्रान्सनं सोडला, आणि बदल्यात पश्चिम आफ्रिकेत काही बेटं नि सरहद्दीवरचे काही तुकडे घेतले. जर्मनीविरुद्ध एकत्र लढू, असं त्या करारात एकही कलम नाही. हा फक्त हिशेब मिटवण्याचा कागद आहे. आणि ज्यांची जमीन वाटली त्या इजिप्तची, मोरोक्कोची, सयामची त्यावर सही नाही.

मग हा गट जर्मनीविरोधी कसा झाला? जर्मनीच्या सम्राटानं, कैसरनंच, तो केला. ३१ मार्च १९०५ ला तो स्वतः मोरोक्कोत टँजिअरला उतरला आणि मोरोक्कोचा सुलतान स्वतंत्र आहे असं जाहीर बोलला. हेतू हा की ही नवी मैत्री ताणून बघावी, इंग्लंड बाजूला सरकतंय का ते कळेल. जर्मनीच्या दबावानं देलकासेला पायउतार व्हावं लागलं, पण इंग्लंड बाजूला सरकलं नाही. उलट १९०६ च्या सुरुवातीला इंग्रज आणि फ्रेंच सेनाधिकारी गुपचूप बोलणी करायला बसले. वाटणीपत्राची युती झाली ती अशी.

तेव्हा उत्तरपत्रिकेत ‘साम्राज्यवादी स्पर्धा’ जरूर लिही, पण पुढे आणखी एक वाक्य जोड: स्पर्धेपेक्षा स्पर्धेतल्या तडजोडींनी गट बांधले गेले. तुर्कस्तानातून बगदादकडे जर्मन बांधत असलेल्या बगदाद रेल्वेवरचा इंग्लंड-जर्मनीचा वादसुद्धा जून १९१४ मध्ये मिटत आला होता, आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला साराजेव्होत गोळी सुटली. ती ठिणगी वेगळ्याच साम्राज्यांच्या भांडणाची होती, ऑस्ट्रिया आणि रशियाच्या. गट मात्र तयारच होते.

प्रश्न : बिस्मार्कला वसाहतींचं वेड नव्हतं म्हणतात. मग बर्लिन परिषद त्यानं का भरवली? (शिक्षक, लातूर)

एका प्रवाशानं जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याच्यापुढे आफ्रिकेचा नकाशा मांडला, तेव्हा तो म्हणाला होता: तुमचा नकाशा छान आहे, पण माझा आफ्रिकेचा नकाशा युरोपात आहे. इकडे रशिया, तिकडे फ्रान्स, आणि मध्ये आम्ही.

आफ्रिकेच्या वाटणीचे नियम ठरवणाऱ्या १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेला चौदा देश होते, आफ्रिकेतला एकही नव्हता. पण बिस्मार्कचं डोकं कसं चालायचं ते बघायचं तर वर्गात ट्युनिसचं उदाहरण द्या. फ्रान्सनं आल्सास-लोरेन विसरून आफ्रिकेत रमावं म्हणून त्यानं फ्रेंचांना ट्युनिस घ्यायला उत्तेजन दिलं. १८८१ मध्ये त्यांनी ते घेतलं. इटलीचा त्यावर डोळा होता, तो चिडला आणि १८८२ मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गोटात गेला. त्रिराष्ट्र युती म्हणून मुलं पाठ करतात ती ही. एका आफ्रिकी बंदरापायी युरोपची मांडणी बदलली, हे मुलांना दोन मिनिटांत कळतं.

प्रश्न : १९०७ च्या इंग्रज-रशिया करारानं मध्य आशियातली दोघांची चुरस संपली असं वाचलं. म्हणजे हिंदुस्थानच्या डोक्यावरचं संकट टळलं. ते आपल्या फायद्याचंच नाही का झालं? (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

संकट किती खरं होतं आणि त्याची किंमत कोण देत होतं, तिथून सुरुवात करू. मार्च १८८५ मध्ये अफगाणिस्तानच्या सीमेवर पंजदेह इथे रशियन फौजेनं अफगाण शिपायांना मारून ती जागा घेतली. त्या वेळी अमीर अब्दुर रहमान रावळपिंडीत व्हाइसरॉय डफरिनचा पाहुणा होता. लंडनमध्ये युद्धाची तयारी सुरू झाली. युद्ध टळलं, पण हिंदुस्थानातली फौज सुमारे तीस हजारांनी वाढवायचं ठरलं. तिचा खर्च आपल्या तिजोरीतून.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. खरं तर ते पुण्यात व्हायचं होतं, कॉलऱ्यामुळे मुंबईला हललं. जमलेल्या बहात्तर प्रतिनिधींच्या ठरावांत एक ठराव होता, की लष्करी खर्चातली ही वाढ अनावश्यक आहे. काँग्रेसच्या पहिल्याच बैठकीत मध्य आशियातल्या त्या वाळवंटी ठाण्याचा पडसाद उमटला होता! पुढे गोखल्यांनी हाच धागा सोडला नाही. १८९७ मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे आणि नंतर कायदेमंडळातल्या अंदाजपत्रकांच्या भाषणांत त्यांनी लष्करी खर्चाचे आकडे पुन्हा पुन्हा मांडले. जपानकडून रशिया हरल्यावर तर त्यांनी सरळ विचारलं, की शत्रूच खचला असताना सैन्याच्या पुनर्रचनेवर हा पैसा कशाला? ती पुनर्रचना करत होता तो हिंदुस्थानचा सरसेनापती, म्हणजे फाशोदाचाच किचनेर.

आता तुमचा करार. ३१ ऑगस्ट १९०७ ला सेंट पीटर्सबर्गमध्ये सह्या झाल्या. अफगाणिस्तान रशियानं सोडलं, तिबेटात दोघांनीही लुडबुड करायची नाही असं ठरलं, आणि इराणचे तीन पट्टे पाडले. तेहरान, तब्रीझ, इस्फहानसह उत्तर रशियाकडे. हिंदुस्थानला लागून असलेला आग्नेय कोपरा इंग्लंडकडे. मधला मोकळा.

मला या करारात सलते ती त्याची वेळ. इराणच्या लोकांनी नुकतंच मोठ्या झगड्यानं राजाकडून संविधान मिळवलं होतं. १९०६ मध्ये त्यांची पहिली मजलिस, म्हणजे संसद, बसली. या मजलिशीला विचारणं सोडा, करार झाल्याचं कळवलंसुद्धा सह्या झाल्यावर काही आठवड्यांनी. लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात तेव्हा एक व्यंगचित्र आलं होतं: सिंह आणि अस्वल यांच्यामध्ये इराणी मांजर बसलंय. तू डोक्याशी खेळ, मी शेपटीशी, पाठ दोघं मिळून कुरवाळू, असं त्यांचं चाललंय. मांजर म्हणतंय, मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. पुढच्याच वर्षी, जून १९०८ मध्ये, रशियन कर्नल ल्याखोवच्या हुकमतीखालच्या कोसॅक तुकडीनं शाहच्या बाजूनं त्या मजलिशीच्या इमारतीवर तोफा डागल्या. युरोपात जर्मनीविरुद्ध रशिया हवा असल्यानं इंग्लंडनं रशियाला दुखावलं नाही.

आपली सीमा निर्धास्त झाली हे खरं. पण तो फायदा इराणी लोकांच्या लोकशाहीवर पाय ठेवून मिळाला. त्याला मी फायदा म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : १९०५ मध्ये जपाननं रशियाला हरवलं तेव्हा आपल्याकडे आनंद झाला, आशियाचा विजय म्हणून. मग जपान इंग्रजांचा दोस्त कसा? (वाचक, डोंबिवली)

तो १९०२ पासूनच दोस्त होता. रशियाला पूर्वेकडे रोखायला इंग्लंडला कुणी तरी हवं होतं, आणि कोरियात हात मोकळे करायला जपानला इंग्लंड. ऑगस्ट १९०५ मध्ये हा तह पुन्हा झाला तेव्हा त्यात हिंदुस्थानही आला. आपल्या सीमेच्या रक्षणासाठी इंग्लंड जे करील तो त्याचा हक्क, हे जपाननं लेखी मानलं. इंग्लंडनं कोरियातला जपानचा वरचष्मा मानला. आपल्याकडे लोक आनंदानं बातम्या वाचत होते त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातली ही गोष्ट.

त्याचं फळ दहा वर्षांनी सिंगापुरात दिसलं. १५ फेब्रुवारी १९१५ ला तिथल्या ५ व्या लाइट इन्फन्ट्रीच्या हिंदी शिपायांनी बंड केलं. शहरात इंग्रज फौज थोडी. तेव्हा दोस्तांच्या जहाजांना बोलावणी गेली, आणि जपानी, फ्रेंच आणि रशियन नौसैनिक किनाऱ्यावर उतरले. १८९८ मध्ये एकमेकांच्या उरावर बसलेले हे देश. सतरा वर्षांनी हिंदी शिपायांवर बंदुका रोखून एका रांगेत उभे होते. त्यानंतर सत्तेचाळीस शिपायांना लोकांसमोर भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या.

प्रश्न : आमच्या पणजोबांचं एक रुपेरी पदक घरात आहे. एका अंगाला राजाचं डोकं, दुसऱ्या अंगाला घोडेस्वार आणि १९१४, १९१८ असे आकडे. आजी सांगायची, ते बसऱ्याला होते. आपल्याकडचा शेतकरी माणूस बसऱ्याला कशाला गेला असेल? (शेतकरी, फलटण तालुका)

दादा, तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण वरचं सगळं तुमच्या पणजोबांपर्यंत येऊन पोचतं.

१९०८ मध्ये इराणात तेल लागलं. १९०७ च्या कराराचा जो मधला, मोकळा पट्टा, त्यात. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनं त्या तेल कंपनीचे निम्म्याहून जास्त हिस्से घेतले, कारण आरमार कोळशावरून तेलावर जात होतं. नदीपलीकडे तुर्कांचं बसरा, आजच्या इराकातलं बंदर. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूनं जाणार असं दिसताच तेलाच्या रक्षणासाठी मुंबईहून फौज निघाली. तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. ६ नोव्हेंबर १९१४ ला तिची पहिली तुकडी समुद्रकाठच्या फाव इथे उतरली, आणि त्याच महिन्यात बसरा पडलं. तेल राखायचं काम तिथे झालं होतं. पण बगदादच्या लोभानं वरिष्ठ पुढे पुढे सरकत गेले. बगदादपासून थोड्याच अंतरावर मार खाल्ला, माघार घेतली आणि कुत इथे फौज वेढ्यात सापडली.

या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची माणसं. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. शेवटी घोडी-खेचरं मारून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या अनेकांनी धर्माला धरून ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली, आणि वाळवंटातून चालवत नेलेल्या हिंदी शिपायांपैकी अनेकांना रास अल-ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामावर लावलं. कुठली रेल्वे? तीच बगदाद रेल्वे, जिच्यावरचा वाद लंडन-बर्लिननं जून १९१४ मध्ये कागदावर मिटवत आणला होता.

मुंबईला कधी गेलात तर कुलाब्याला अफगाण चर्च बघा. रशिया येईल या भीतीनं १८३८ मध्ये काबूलवर जी स्वारी झाली, तिच्यात मेलेल्यांचं ते स्मारक. भिंतीवर अधिकाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, आणि शिपायांबद्दल इतकंच, की ते इतके होते की नावं लिहिणं शक्य नाही. मी ती ओळ दोनदा वाचली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. बसऱ्याच्या स्मारकावरही तसंच आहे. चाळीस हजारांवर माणसांचं स्मारक, पण हिंदी शिपायांची नावं भिंतीवर नाहीत, पलटणीखाली फक्त आकडा आहे.

तुमच्या पणजोबांचं नाव मात्र तुमच्या घरात आहे. पदक हातात आडवं धरा आणि त्याची कड उजेडात फिरवा. कडेवर इंग्रजी अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. अक्षरं बारीक असतात, भिंग घ्या. चिंच किंवा राख लावून घासू नका, कडेची अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्यानं पुसलं तरी पुरे. तो नंबर आणि पलटणीचा आकडा जसाच्या तसा उतरून मला पाठवा. १०३, ११० किंवा ११७ असेल तर ते कुतच्या वेढ्यात असण्याचा संभव मोठा. आजी आणखी काही सांगायची का, कुठल्या महिन्यात परत आले, काय खात नसत, कशाबद्दल बोलत नसत, तेही लिहा.